लहान शहरांची खरेदी : निविदा, स्पर्धा आणि सभागृहाचा निर्णय

राज्यघटनेतील ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान प्राप्त झाले. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, घनकचरा व्यवस्थापन, रस्ते, दिवाबत्ती यांसह १८ विषयांचा समावेश आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ४,०४१ वैधानिक शहरे नोंदविली गेली. मात्र एक लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे व नागरी समूह केवळ ४६८ होते. म्हणजेच भारतीय शहर बहुतांशी लहान आहे. अशा शहरात वरील कर्तव्ये प्रत्यक्षात येतात ती जंतुनाशके, पंप, जलवाहिन्या, दिवे आणि कचरागाड्या यांच्या खरेदीतून. ही खरेदी नियमानुसार झाली, एवढ्यावरून ती किफायतशीर झाली असे मात्र म्हणता येत नाही.

कायदेशीर चौकट

स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतील विषय आहे. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ हे केंद्रीय मंत्रालये व विभागांसाठी आहेत. नगरपालिकांची खरेदी राज्याचा नगरपालिका कायदा, लेखा नियम व शासन निर्णय यांनुसार होते. तामिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) व राजस्थान (२०१२) या राज्यांनी सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदे केले. केंद्राने २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले.

न्यायालयीन निर्णयांनीही ही चौकट घडविली आहे. रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शासनसंस्थेने स्वतः जाहीर केलेले निकष तिला मनमानीपणे बाजूला ठेवता येत नाहीत. टाटा सेल्युलर प्रकरणात (१९९४) न्यायालयाने म्हटले, की निर्णयाच्या गुणदोषांपेक्षा निर्णयप्रक्रियेची तपासणी करणे हे न्यायालयाचे काम आहे. त्यामुळे खरेदी शहाणपणाची आहे की नाही, याची जबाबदारी अखेर स्थानिक संस्थेकडेच राहते.

निर्णयाचे टप्पे

गरजेची निश्चिती, अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, निविदा सूचना, तांत्रिक व वित्तीय लिफाफे उघडणे, दरांची तुलना, सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी, पुरवठा आदेश, मालाची तपासणी, देयक आणि लेखापरीक्षण असा हा क्रम असतो. मंजुरीच्या अधिकारमर्यादा राज्यागणिक भिन्न आहेत. सर्वसाधारणपणे मोठ्या खर्चास समिती किंवा सभागृह मान्यता देते आणि अंमलबजावणी कार्यकारी अधिकारी करतो. महाराष्ट्रात त्यास मुख्याधिकारी, तर उत्तर प्रदेशात अधिशासी अधिकारी म्हणतात.

सभागृहात चर्चा रंगते ती बहुधा निविदा उघडल्यानंतर, दर कोणाचा लागला यावर. वास्तविक स्पर्धेचे भवितव्य त्याआधीच ठरलेले असते.

स्पर्धा कोठे आटते?

पहिले कारण पात्रतेच्या अटींचे. कामाच्या मानाने अवाजवी उलाढालीची अट घातल्यास सक्षम स्थानिक पुरवठादार बाद होतो. दुसरे कारण अपुऱ्या मुदतीचे. उन्हाळ्यातील टंचाई दरवर्षी अपेक्षित असते, तरीही टँकरची निविदा ऐनवेळी ‘तातडीची बाब’ म्हणून निघाली, तर आधीपासून तयारीत असलेल्यांनाच ती भरता येते. तिसरे कारण खरेदीचे तुकडे पाडण्याचे. एकाच गरजेची अनेक लहान खरेदीत विभागणी झाली, की खुल्या निविदेची मर्यादा टळते आणि मोठ्या मागणीमुळे मिळणारा सवलतीचा दरही हातचा जातो.

चौथे कारण संगनमताचे. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार निविदेतील संगनमत निषिद्ध आहे. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत झाल्याचा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये संबंधित कंपन्यांना दंड ठोठावला. केवळ संख्या भरण्यासाठी निविदा दाखल केल्या जाऊ शकतात, हे त्यातून दिसले. पुण्यासारख्या मोठ्या शहरात हे घडू शकते, तर मोजकेच पुरवठादार असलेल्या लहान शहराने अधिक सावध राहणे क्रमप्राप्त ठरते. ई-निविदेमुळे निविदापेटीभोवतीची अडवणूक कमी होते. परंतु निविदाकारांनी आपसांत आधीच ठरविलेले दर संगणकाला ओळखता येत नाहीत.

न्यूनतम दर आणि खरा खर्च

समजा, पाणी शुद्ध करण्यासाठी ब्लिचिंग पावडर घ्यावयाची आहे. एका पुरवठादाराचा दर किलोमागे ३० रुपये असून उपलब्ध क्लोरिन ३४ टक्के आहे. दुसऱ्याचा दर २७ रुपये आहे. पण साठवणुकीत क्षीण झालेल्या त्याच्या मालात क्लोरिन २५ टक्केच उरले आहे. प्रत्यक्ष क्लोरिनच्या हिशेबाने पहिला माल किलोस सुमारे ८८ रुपयांना, तर दुसरा १०८ रुपयांना पडतो. निविदेत किमान प्रमाण व पोच झाल्यावर चाचणीची अट नसेल, तर नियमानुसार दुसरा पुरवठादार यशस्वी ठरेल. नगरपालिका अधिक पैसे मोजेल आणि मात्रा नेहमीचीच ठेवल्यास नळाला येणारे पाणी पुरेसे निर्जंतुक नसेल.

देयकाचा विलंब

पाच लाखांचे देयक सहा महिने रखडले आणि पुरवठादार वार्षिक १२ टक्के व्याजाने भांडवल वापरत असेल, तर त्याच्यावर ३० हजारांचा बोजा पडतो. अनुभवी पुरवठादार पुढील वेळी हा बोजा दरातच मिळवितो. लहान पुरवठादार निविदा भरणेच सोडून देतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांना देयक देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. ही तरतूद पाळणे हा स्पर्धा वाढविण्याचा खात्रीचा उपाय आहे.

सभागृहाची भूमिका

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये स्वयंप्रेरणेने माहिती प्रकट करण्याचे बंधन आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही स्थानिक संस्थांच्या अनुदानाची सांगड लेखे सर्वांस ऑनलाइन उपलब्ध करण्याशी घातली होती. या माहितीच्या आधारे सभागृहाने प्रत्येक मोठ्या खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल : अटींमुळे कोण बाद होतो, दर्जा कसा मोजला जाणार आणि मागील देयके किती दिवसांत दिली गेली? निविदा उघडल्यानंतर दरावर वाद घालण्यापेक्षा हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. कारण त्यांच्या उत्तरांवरच नागरिकाच्या कराच्या रुपयाचे मूल्य आणि त्याच्या घरी येणाऱ्या पाण्याची शुद्धता अवलंबून असते.