इसार देण्याआधी सातबारा वाचा

कॉलेजात शिकणारी लेक सुट्टीला घरी येते आणि म्हणते, "आई, शहराजवळ प्लॉट मिळतोय. आत्ता फक्त पन्नास हजार इसार द्यायचा, बाकीचे हप्त्याने." आई गटातून कर्ज काढायचा विचार करते. अशा वेळी जरा थांबा. गटाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो, पण रिकामा प्लॉट महिन्याला एक रुपयाही देत नाही.

लेकीची इच्छा चांगलीच आहे. 18 वर्षे पूर्ण झाली की तिला स्वतःच्या नावाने करार करता येतो. पण सुरुवात पैशाने नको, कागदाने करा. ते काम तिच्या मोबाईलवर होते.

पहिला कागद सातबारा. महाभूलेखवर तो फुकट पाहता येतो, आणि डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. विकणाऱ्याचे नाव त्यावर आहे का? नावे अनेक असतील तर सगळ्यांची संमती आहे का? 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचे नाव आहे का? फेरफारही पाहा.

दुसरी गोष्ट, जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का? "होणार आहे" हे उत्तर चालत नाही, आदेशाची प्रत मागा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि तिच्यावर परवानगीशिवाय घर बांधता येत नाही.

तिसरी गोष्ट, मोठ्या लेआउटला महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर तपासा. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असा कायदाच आहे. साध्या पावतीवर किंवा नोटरीच्या कागदावर जमीन आपल्या नावावर होत नाही.

हाताशी थोडेच पैसे असतील तर 'रीट' हाही मार्ग आहे. मोठ्या ऑफिस इमारतींच्या भाड्यातला वाटा त्यातून मिळतो. 2021 पासून एक युनिटही घेता येते, काहीशे रुपयांत. त्यासाठी डिमॅट खाते लागते. भाव खालीही जातो, म्हणून स्वतःच्या कमाईतलेच पैसे घालावेत, कर्जाचे नकोत.

या आठवड्यात लेकीला सांगा, आधी आपल्याच शेताचा सातबारा काढ आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखव. आपला उतारा वाचता आला की दुसऱ्याचा कागद तपासायची भीती जाते. बरंय, भेटू पुढच्या भागात!