हिरवी कटाई, पण भंगाराचे काय?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला, की लेझर कटिंग जॉबवर्कच्या पाट्या नजरेस पडतात. पॅनेल, झाकणे, चकत्या असे पत्र्याचे सुटे भाग पूर्वी प्रेसवर डाय लावून काढले जात. पाच-पन्नास नगांसाठी डाय करणे परवडत नाही, आणि लेझर यंत्र स्वतः घ्यायचे तर लाखो रुपये अडकतात. त्यामुळे ड्रॉइंग पाठवून भाग कापून आणण्याचा मार्ग लघुउद्योजकांनी पत्करला. अशा वेळी एखादा जॉबवर्कर ‘पर्यावरणस्नेही कटाई’ची ग्वाही देतो, तेव्हा ती तपासायची कशी?

छपरावरच्या सौर पॅनेलकडे नंतर पाहावे, आधी यंत्र पाहावे. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरमध्ये विजेचा जेमतेम दहावा हिस्सा किरणात उतरतो. फायबर लेझरमध्ये हे प्रमाण ३० टक्के वा त्याहून अधिक असते. चिलर, कॉम्प्रेसर आणि धूर ओढणारी यंत्रणा यांची वीज मात्र त्यात धरलेली नसते.

खरा हिशेब पत्र्याचा आहे. २५०० बाय १२५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे ७४ किलो भरतो. भागांची मांडणी, म्हणजे नेस्टिंग, ढिसाळ असेल आणि ३० टक्के पत्रा वाया गेला, तर २२ किलो भंगार निघते. तेच प्रमाण १८ टक्क्यांवर आणले, तर १३ किलो. वाचलेल्या नऊ किलोंचे मोल काय? केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. तिच्यानुसार टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन उत्सर्जन असलेले पोलाद हरित ठरते. या मर्यादेवरचे पोलाद धरले तरी नऊ किलोंमागे सुमारे २० किलो उत्सर्जन टळते. उलट तो पत्रा कापायला तीन-चार युनिटे वीज लागली असे मानले, तर देशातील सरासरीने तिचा भार अडीच-तीन किलोंचाच! भंगार जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत पुन्हा वितळते हे खरे. पण त्यासाठी टनामागे पाचशेहून अधिक युनिटे खर्ची पडतात.

वायूचीही निवड असते. स्टेनलेस स्टीलची कड चकचकीत राहावी म्हणून नायट्रोजन वापरतात. पातळ साध्या पत्र्याला अनेकदा दाबाखालची हवा पुरते. जी कड पेटीच्या आत झाकली जाणार, तिला चकाकी मागण्यात काय हशील?

करारात भंगार कोणाचे, हे आधी लिहून घ्यावे. पत्रा आपण पुरवला असेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तयार भाग एका वर्षात परत आले पाहिजेत. जॉबवर्कर नोंदणीकृत असल्यास तो उरलेले भंगार आपल्या जागेतूनच कर भरून विकू शकतो. ही रक्कम दरात वळती झाली नाही, तर मांडणी घट्ट बसविण्यात त्याला रस उरत नाही.

कारखान्यात गेल्यावर नाकाचाही उपयोग करावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापताना निघणारा धूर कामगाराच्या छातीत जात असेल, तर सौर पॅनेलचे कौतुक कशाला? अर्थात फिल्टर बदलायला पैसा लागतो. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ग्राहक ते किती पाळतात, हे भोसरीत कोणालाही विचारावे.

एकाच भागाचे नग हजारोंच्या घरात गेले, तर मात्र डायचा खर्च पुन्हा मांडून पाहावा. तिथे जुना प्रेसच अनेकदा स्वस्त पडतो.