दारातला सायकस: ना पाम, ना फुलझाड

नगरच्या सावेडीत एक चक्कर मारा. बंगल्याच्या फाटकाशी, नाहीतर मंगल कार्यालयाच्या कुंडीत टोकदार पानांचा गोल झुपका मिरवणारं ठेंगणं झाड दिसेल. माळी त्याला सायकस म्हणतात, घरमालक पाम म्हणतात. माळ्यांचं बरोबर आहे.

पाम म्हणजे नारळ-शिंदीचं घराणं, फुलं येणारं. सायकसला जन्मात फूल येत नाही. बिया थेट उघड्यावर धरतात. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्या लाव्ह्याचे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सायकसचं कुळ त्याच्या चौपट जुनं! आज दिसणाऱ्या जाती मात्र त्या मानाने अलीकडच्या. आपल्या दारातली बहुधा सायकस रिव्होल्युटा, मूळची दक्षिण जपानची.

यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराच्या शेंड्यातून उंच शंकू निघतो; मादीच्या शेंड्यात तपकिरी लवीची पानं जमतात आणि त्यांच्या कडेला नारिंगी बिया धरतात. बुंध्याला फुटलेलं पिल्लू लावलं, तर ते आईच्याच लिंगाचं निघतं. खरी नवलाई पुढे आहे. बिया धरणारं झाड, पण त्याच्या शुक्रपेशी पोहतात! भोवऱ्याच्या आकाराच्या या पेशी जपानच्या इकेनो यांनी १८९६ साली याच जातीत शोधल्या.

बॉटनीच्या विद्यार्थ्यांना सायकस चुकत नाही. पानाचा दांडा ब्लेडने आडवा कापायचा, चकती सॅफ्रनिन या रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. वाहिन्यांचे ठिपके उलट्या ओमेगाच्या आकारात मांडलेले दिसतात. मुळांची कथा याहून सुरस. काही मुळं खाली जायचं सोडून वर, मातीच्या पृष्ठाकडे येतात, त्यांना गाठीगाठींचे फाटे फुटतात. ती कापली की आत हिरवट कडं दिसतं. ते नीलहरित शैवालाचं. हवेतला नायट्रोजन पकडून ते झाडाला घरबसल्या खत पुरवतं.

कोवळ्या पानांवर डोळा असतो एका चिमुकल्या निळ्या फुलपाखराचा. त्याचं शास्त्रीय नाव चक्क पांडवांवरून: ल्युथ्रोडेस पांडव. पानं जून झाली की कडक होतात, म्हणून मादी नेमकी नवी पालवी गाठून अंडी घालते. अळ्या गोड रस पाझरतात आणि त्या बदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. नव्या पालवीवर मुंग्यांची ये-जा दिसली, तर जरा वाकून बघाच.

आता खाण्याचं. इंग्रजीत याला सागो पाम म्हणतात, पण उपवासाच्या साबुदाण्याशी याचा काही संबंध नाही. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसच्या बियांत सायकॅसिन नावाचं विष असतं. तरी केरळात रानटी सायकसच्या बिया वाळवून, पीठ करून, पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवून खाल्ल्या जातात. जपानच्या ओकिनावात १९२० च्या दशकातल्या हलाखीत लोकांनी सायकस खाऊन दिवस काढले. त्या काळाला तिथे आजही 'सायकसचा नरक' म्हणतात. हे प्रयोग घरी अजिबात करू नयेत.

आपल्या सह्याद्रीचाही स्वतःचा सायकस आहे: सायकस सर्सिनॅलिस. केरळपासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंतच्या डोंगरांत तो वाढतो, जगात इतरत्र रानात सापडत नाही. औषधासाठी आणि शोभेसाठी ओरबाडला गेल्याने तो आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. जपानी पाहुण्याचे लाड आपण दारोदार करतो. या घरच्याची ओळख निदान नावाने तरी असायला हवी.

सायकस लावायचा असेल, तर पाण्याचा निचरा सांभाळा. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात, वाळू-मुरूम मिसळा. रोप नर्सरीत वाढवलेलंच घ्या, जंगलातून उपटलेलं नको. आणि घरात कुत्रं किंवा लहान मूल असेल, तर पडलेल्या बिया लगेच वेचून टाका.