‘त्यात संशोधन ते काय?’

‘पुरेशी झोप न झाल्यास चुका वाढतात’, ‘चालण्याने तब्येत सुधारते’ अशा बातम्या वाचल्या की अनेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत? खर्च सरकारी तिजोरीतून झाला असेल तर राग आणखी वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी असताना सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करण्यावर पैसा का घालवायचा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधायला गडचिरोलीसारखी जागा नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांच्या मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा तिथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. बाळे मरतात हे गावाला माहीत होते. आजारी बाळाला रुग्णालयात न्यावे, हे डॉक्टरांना माहीत होते. मग शोधायचे काय उरले?

संस्थेने तरीही मोजणी केली. १९९५-९६ मध्ये गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन पाहणी झाली. त्यातल्या ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोहोचली अवघी २.६ टक्के. जी ४० बाळे गेली, त्यातली ३८ घरातच गेली. ‘रुग्णालयात न्या’ हा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो पाळला जात नव्हता. बाळंतिणीने आणि बाळाने घराबाहेर पडू नये अशी रीत, हातात पैसा नाही आणि पावसाळ्यात रस्ता नाही. जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तर वर्षानुवर्षांचे चित्र. मोजणी झाली नसती तर सगळा पैसा खाटा वाढवण्याकडे गेला असता आणि बाळे घरातच मरत राहिली असती.

गावातलीच ‘आरोग्यदूत’

मग ३९ गावांत वेगळा प्रयोग झाला. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळाचे वजन आणि तापमान घेणे, त्याला उबेत ठेवणे, आईला अंगावर पाजायला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. ‘कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणे धोक्याचे’, हेही अनेकांना उघडच वाटत होते.

१९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र तो ६० च्या आसपासच राहिला. खर्च एका बाळामागे पाच डॉलरच्या थोडा वर.

उघड वाटणारी गोष्ट आकड्यात मांडली की ती कामाला येते. बाळाला धाप लागली की काहीतरी बिघडले आहे, हे प्रत्येक आईला कळते. पण श्वास किती जलद झाला की औषध द्यायचे? दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५०, ही मर्यादा मोजमापातूनच हाती येते. ज्या दायांना तेवढे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी गडचिरोलीत वाळूचे घड्याळ आणि मणी जोडलेले साधे उपकरण तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर तो न्यूमोनिया समजायचा.

सिद्ध झालेले पुन्हा का तपासायचे?

यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हीच पद्धत पाच राज्यांत पडताळून पाहिली. हा सरकारी खर्च वरवर पाहता दुप्पट वाटतो. पण एका ध्येयवेड्या संस्थेला जमले ते सरकारी यंत्रणेला जमेलच, असे गृहीत धरता येत नाही. २०११ मध्ये केंद्राने घरोघरी नवजात बाळ काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज ‘आशा’ बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते, त्यामागे ही सगळी मोजणी आहे.

असेच आपल्याकडे आधीही घडले होते. क्षयरोग्याला मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार देणारे आरोग्यधाम हवेच, असे पूर्वी सर्वमान्य होते. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या सरकारी प्रयोगात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली गेली. दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले. लाखो गरीब रुग्णांना घरी राहून बरे होण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

आजही या भागात असा एक प्रश्न आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ‘बंदीने दारू कमी होणारच’, असे एक बाजू म्हणते. ‘बंदीने चोरटी दारूच वाढते’, असे दुसरी म्हणते. दोघांनाही आपले म्हणणे उघड वाटते, आणि दोन्ही पूर्णपणे खरे असू शकत नाही. अशा निर्णयाआधी आणि नंतर, दोन्ही जिल्ह्यांत सारख्याच पद्धतीने घरोघर मोजणी करायला जो खर्च येईल, तो चुकीच्या निर्णयाच्या किमतीपुढे किरकोळच ठरेल.

याचा अर्थ कोणत्याही प्रस्तावाला पैसे द्यावेत असा नाही. पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर कोणाचा निर्णय बदलेल का? आणि त्या निर्णयावर किती जणांचे आयुष्य अवलंबून आहे? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो पैसा औषधांवर खर्च व्हावा. ‘हो’ असेल, तर ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ एवढ्या कारणावरून प्रस्ताव फेटाळू नये.