कांडी भरण्याआधी खुरांचंही विचारा

परवा तामलवाडीत एका गोठ्यावर एचएफ संकरित गाय पाहिली. दूध भरपूर, पण मागचा पाय उचलूनच उभी. खुरं चपलेसारखी पुढं वाढलेली, टाच जमिनीला टेकलेली. मालक म्हणाले, "हिच्या आईचंही असंच होतं."

खुराचा आकार आणि पायांची ठेवण काही अंशी रक्तातून येते. खुरांच्या आजारांत हा आनुवंशिक वाटा साधारण १० टक्के किंवा त्याहून कमी. त्यामुळे पैदाशीतून सुधारणा हळू होते, पण पुढच्या पिढ्यांत टिकते.

काय करायचं?

🔹 ज्या वळूची कांडी भरायची, त्याच्या माहितीपत्रकात दुधासोबत 'खुराचा कोन' आणि 'मागच्या पायांची ठेवण' हे आकडेही बघा.

🔹 सारखी लंगडणारी गाय कोणत्या वळूची, ते वहीत लिहून ठेवा.

🔹 तिची कालवड पैदाशीला ठेवताना दोनदा विचार करा.

खिलारचे काळे, टणक खूर बघा. पिढ्यान्‌पिढ्या चालण्या-ओढण्यासाठी निवड झाली, त्याचं हे फळ.

अर्थात गोठा ओला आणि शेणानं भरलेला असेल, तर चांगला वळूही काही करू शकत नाही. कोरडी जागा, वेळेवर खुरं साळणं आणि ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यानं पाय धुणं हवंच.

तुमच्या गोठ्यात कोणत्या वळूच्या कालवडींचे पाय चांगले निघाले? काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.