घरचा संगणक आणि त्याची राखण



इंद्रायणीकांठचें देहू आमच्या वाकडपासून फारसें दूर नाहीं. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या त्या नदींत बुडाल्या व तेरा दिवसांनीं वर आल्या, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचें माहात्म्य अबाधित ठेवून मी इतकेंच म्हणेन कीं, ते अभंग लोकांच्या मुखीं होते, आणि चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांच्या वह्यांतही उतरले होते. अनेक ठिकाणीं असलेली वस्तु सहसा नाहींशी होत नाहीं. घरच्या संगणकाविषयीं आज जें सांगावयाचें, त्याचें सूत्र हेंच.

प्रथम यंत्राची जुळणी पाहूं. प्रोसेसर हा त्याचा मेंदू. त्याच्या जातीस जुळणारें सॉकेट ज्यावर आहे, असाच मदरबोर्ड निवडावा. एका जातीचा प्रोसेसर दुसऱ्या जातीच्या सॉकेटांत बसत नाहीं. रॅमही त्या मदरबोर्डास मानवणाऱ्या पिढीची हवी. लेखन, वाचन व छायाचित्रें यांस १६ जीबी रॅम आणि ५०० जीबींची एसएसडी पुरेशी होते. काटकसर इतरत्र करावी, पॉवर सप्लायमध्यें करूं नये. हलका सप्लाय बिघडतांना कधीं कधीं इतर भागांसही बरोबर नेतो. भाग हाताळण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते. घरांतील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावें. यूपीएस जोडला म्हणजे वीज एकाएकीं गेली तरी हातांतलें काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास अवधि मिळतो.

परंतु यंत्र पुन्हां विकत मिळतें. त्यांतील मजकूर मिळत नाहीं. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मीं तिच्याच आवाजांत मुद्रित केल्या होत्या. त्यांची नक्कलही ठेवली होती. पण ती त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्यें. डिस्क गेली, तशा दोन्ही गेल्या. आई आतां नाहीं.

यास्तव जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. पहिली संगणकांत, दुसरी बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर, तिसरी परगांवच्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटून पुण्यांत पूर शिरला. त्या दिवशीं एकाच घरांतील दोन कपाटांत दोन प्रती ठेवणारास त्या दुसऱ्या प्रतीचा काय उपयोग झाला असता?

प्रत काढून होतांच बाहेरची डिस्क सोडवून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर विजेचा धक्का किंवा खंडणी मागणारा व्हायरस दोहोंचाही घास घेतो. एकाच यंत्रांत दोन डिस्क जोडीनें चालविणें म्हणजेही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलें त्याच क्षणीं दोहोंवरून पुसलें जातें.

शेवटची गोष्ट. दर महिन्यास बॅकअपमधील एखादी फाईल परत काढून उघडून पाहावी. न पडताळलेली प्रत ही न तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखी असते. विद्यार्थी उत्तीर्ण झाला असें तीवरून म्हणतां येत नाहीं.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा आवाज कोठें एकाच ठिकाणीं पडून असेल, तर आज निजण्यापूर्वीं त्याची दुसरी प्रत करा. एवढें झालें, तरी माझें बोलणें सार्थकीं लागलें.