आघातानंतरची उभारी : माजी सैनिक आणि गावाचे दायित्व

सीमेवरून परतणाऱ्या जवानाचे स्वागत करण्यात आपली गावे कधीच उणी पडलेली नाहीत. परंतु सत्कार आटोपल्यावर त्याची रात्र कशी जाते, याची विचारपूस क्वचितच होते. झोप न लागणे, लहानशा आवाजाने दचकणे, माणसे टाळणे, व्यसनाकडे वळणे ही मानसिक आघाताची लक्षणे असू शकतात. ती भित्रेपणाची खूण नव्हे.

आघाताने काही माणसे खचतात, तर काहींच्या ठायी कालांतराने नवी समजही उदयास येते. रिचर्ड टेडेस्की व लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात या अनुभवास ‘आघातोत्तर विकास’ असे नाव दिले. त्यांच्या मते हा विकास पाच अंगांनी दिसतो : माणसांशी जवळीक, नव्या वाटांचा शोध, आत्मबलाची जाणीव, आध्यात्मिक परिवर्तन आणि जीवनाचे मोल.

मूळचे सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर हे याचे बोलके उदाहरण होय. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून गाजलेले श्री. पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हाइडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ मध्ये लाभली.

तथापि, प्रत्येक जखमी सैनिकाने पेटकर व्हावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. विकास हा वेदनेचा शेवट नव्हे. अनेकदा दोन्ही सोबतच नांदतात. तो आदेशाने घडत नाही, उपदेशानेही नाही. शांतपणे ऐकून घेणारा सोबती, हाताला काम आणि मनाला मान या तीन गोष्टींनी त्यासाठी भूमी तयार होते.

ही भूमी भंडारा जिल्ह्यातील गावोगावी तयार करता येईल. शिक्षकांनी माजी सैनिकास शाळेत बोलवावे. पण युद्धकथेचा आग्रह न धरता त्याला जे सांगावेसे वाटेल तेच सांगू द्यावे. पंचायत सदस्यांनी तलावाची देखभाल, वृक्षलागवड, तरुणांची कवायत अशा कामांत त्याची जबाबदारी निश्चित करावी. दिवाळीत व मंडईच्या दिवसांत त्याच्या घराजवळ फटाके वाजणार नाहीत, एवढी दक्षता तर विनाखर्चाची आहे. निवृत्तिवेतन व सवलतींची कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत वेळेत मार्गी लागली, तर मनावरील निम्मा भार हलका होतो. लक्षणे टिकून राहिल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. सैनिकाच्या पत्नीलाही या आधाराची तितकीच गरज असते, हे विसरू नये.

दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी आपण निधी देतो. त्याच दिवशी गावातील एका माजी सैनिकाच्या ओसरीवर तासभर बसून त्याचे ऐकून घेतले, तर ते ऋण काही अंशी तरी फिटेल.